ब्रेकव्हॅनची खिडकी

३ मार्च, रविवार

बरोबर तर मीच होतो! मग घरी येईपर्यंत चोरासारखं का वाटत राहिलं?

आज आमच्या आगगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळात गार्डकाकांनी स्वतः केलेला डबा आणला — पहिलाच. एकोणचाळीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. वर्षभर आमच्या छोट्या गाड्या नुसत्या बघायला यायचे, मागे बसायचे. डबा म्हणजे मालगाडीच्या शेपटीची ब्रेकव्हॅन, गार्ड बसतो ती. चार बोटं लांब. रंग जरा जाड बसलाय, पण पायऱ्या, कठडा, मागचा लाल दिवा — सगळं मायेनं केलेलं. सगळे वा वा म्हणाले. मी भिंग काढलं.

"काका, या जातीच्या व्हॅनला बाजूला खिडकी नव्हती."

"होती हो."

"आराखड्यात नाही."

"अहो, मी अकरा वर्षं बसलोय त्या खिडकीशी."

यावर मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण मागाहून सौम्य करून लिहायची खोड आहे मला — "आठवण आणि आराखडा यांत आराखडा खरा धरायचा असतो, काका."

मंडळातले दातांचे डॉक्टर ओरडले, "घ्या! मिलिमीटरसाहेबांनी गार्डालाच लाल झेंडी दाखवली!" सगळे हसले. काकाही हसले. डबा रुमालात गुंडाळला आणि चहा न घेता गेले.

४ मार्च, सोमवार

धान्यबाजारात तपासणी. वजनमापांचा निरीक्षक दारात दिसला की दुकानातलं हसणं थांबतं. एकजण मात्र म्हणाला, "या साहेब, आमच्या तराजूला कालपासून ताप आहे." चौदा तराजू पाहिले, एक खोटा निघाला. खोटा सापडला की बरं वाटतं मला, हेही लिहून ठेवतो.

घरी येऊन मी करतोय त्या छोट्या कोळशाच्या वॅगनीचे रिव्हेट मोजले. एका बाजूला एकशे बारा. मूळ वॅगनीलाही एकशे बारा. कोणाला सांगणार?

१० मार्च, रविवार

काका मंडळात आले नाहीत.

ताईचा फोन. तिला सगळं सांगितलं. "अरे, त्यांनी तो डबा तुला दाखवायला आणला होता की तपासून घ्यायला?" मी म्हटलं, मूळ गाडीशी जुळलंच पाहिजे, मंडळाचा नियम आहे. "मग बस नियमाशी गप्पा मारत!" फोन ठेवला तिनं. चांगलं उत्तर सुचलं मला, पण अर्ध्या तासानं. भिंतीला देऊन टाकलं.

१३ मार्च

कोणाचा फोन नाही. मीही केला नाही.

१६ मार्च, शनिवार

रेल्वे कारखान्यातल्या एका निवृत्त फिटरकडून जुने फोटो मागवले होते, वॅगनींच्या बिजागऱ्या बघायला. आज पाकीट आलं. चौथा फोटो — ब्रेकव्हॅन. काकांनी डब्यावर रंगवला होता तोच नंबर. आणि बाजूला खिडकी! मागे पेन्सिलीनं लिहिलंय, 'दुरुस्तीत खिडकी बसवली.'

आराखडा त्या जातीच्या सगळ्या व्हॅनींचा. काका सांगत होते ते एका व्हॅनीचं. एवढं साधं मला कळू नये? रोज दुकानदारांना ऐकवतो — मी शिक्का नाही, तराजू बघतो म्हणून.

१७ मार्च, रविवार

सकाळीच काकांकडे गेलो. ते दवाखान्यात गेले होते. मुलीनं दार उघडलं. "तुम्हीच का ते मिलिमीटर?" पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही.

डबा कपाटावर होता. खिडकी नाही! पुट्टी भरून, घासून, वरून रंग. नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. माझ्या सांगण्यावरून केलेलं काम, आणि किती सुरेख!

मग ती बोलली. त्यांचं क्वार्टर रुळांना लागूनच, स्टेशनच्या मागे. गाडी जाताना आई दारात उभी राहायची, रोज. बाबा खिडकीतून हात करायचे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. "बाबा रोज ते सांगायचे. आम्हाला कंटाळा यायचा. आता म्हणतात, खिडकीच नव्हती तर ती दिसेल कशी, मीच मनानं रचलं असणार. विषयच काढत नाहीत."

"खिडकी होती, फोटो मिळालाय मला. त्यांना सांगा, मी चुकलो," मी म्हटलं. फोटो खिशातच होता. दिला नाही. माफी अशी दुसऱ्याच्या हाती ठेवून यायची नसते, स्वतः द्यावी, असं वाटलं.

१९ मार्च, मंगळवार

फोटो मोठा करून आणला, काकांना नीट दिसावा म्हणून. आणि भिंग लावलं. का लावलं?

व्हॅनीच्या मागे काकांचंच स्टेशन दिसतं, पाटीसकट. म्हणजे फोटो पलीकडून, डोंगराच्या बाजूनं काढलेला. म्हणजे खिडकी डोंगराकडे. क्वार्टर स्टेशनच्या बाजूला. जाताना-येताना इंजिन इकडचं तिकडे लागतं, पण व्हॅन वळत नाही. त्या मार्गावर डबे फिरवायची सोय कुठेच नव्हती, हे मला पाठ आहे. त्या खिडकीतून घर दिसणं शक्य नाही.

दुसऱ्या बाजूलाही खिडकी असेल? फिटरला फोन केला. "नाही हो साहेब. एकच बसवली. काचच एक शिल्लक होती."

कदाचित ते कठड्याशी उभे राहून हात करत असतील. कदाचित बाई वेगळ्या जागी उभी राहत असेल. कदाचित, कदाचित! हा शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकून घेतलाय?

खरं सांगितलं तर काकांना खिडकी परत मिळेल. बायको जाईल.

२१ मार्च

दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो.

२४ मार्च, रविवार

काकाच आले. जिना चढून, धापा टाकत. बसायच्या आधीच विचारलं, "मुलगी म्हणाली, खिडकी होती. कुठल्या बाजूला हो? आता माझा मलाच भरवसा नाही राहिला."

"घराच्या बाजूला, काका."

दिवेलागणीपर्यंत बसले. बाई दारात कशी उभी राहायची ते उभं राहून दाखवलं. निघताना फोटो मागितला. हरवला, म्हणालो.