एकशेवीस सेकंदांची मर्यादा

मी, वैजनाथ शेषेराव केंद्रे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा संगणकाची प्रणाली लिहिणे, राहणार तरोडा बुद्रुक, नांदेड, हा कागद माझ्या हयातीनंतर अंमलात यावा म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय तीस टक्केच चालते, हेही त्याच दाखल्यात आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. खरे तर माझ्या मालमत्तेबद्दल कोणाला एवढी उत्सुकताही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर माझी पत्नी सिंधु हिला. पश्चिमेच्या ज्या खोलीत मी एकवीस वर्षे संगणकापुढे बसलो, ती तिने भाड्याने द्यावी किंवा पापड वाळवायला घ्यावी. जेवायला हाक आली की त्या खोलीतून मी "आलोच" म्हणायचो आणि तासाने यायचो. तिने ताट झाकून ठेवले, तक्रार केली नाही. तक्रार करायला हवी होती.

कलम २. बँकेत जे असेल ते सिंधु आणि आमची मुलगी दीपमाला यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यात वाद होणार नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

कलम ३. उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावची चार एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर आहे. माझी मोठी बहीण अयोध्या हिने आमचे वडील अण्णा गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही केली. तलाठ्यापुढे ती एवढेच म्हणाली, "कुठं करू सही?" बहिणी असेच करतात, म्हणून मीही गप्प बसलो. त्यातली विहिरीकडची दोन एकर तिला द्यावी. पाणी तिकडेच आहे. उरलेली दोन दीपमालाला.

कलम ४. तारांना डाग देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), मीटर आणि पेचकसांचा डबा चुलतभाऊ बबलू याला. इस्त्री त्याच्याकडेच आहे, सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली होती. ती राहू द्यावी. मात्र ती त्याची नव्हती हे त्याला एकदा चारचौघांत सांगावे.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

संगणकाची कार्यप्रणाली डिस्कशी ज्या मध्यस्थाकरवी बोलते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र सांभाळणारा माणूस त्याला सुरुवातीला काही आकडे देतो. डिस्कच्या उत्तराची किती सेकंद वाट पाहायची, एका वेळी किती कामे रांगेत घ्यायची, असे. ते आकडे चालण्यासारखे आहेत की नाहीत हे तपासणारा भाग मी लिहिला. बाकीचे लोक मोठी कामे करत, मी दारात उभा राहून आकडे बघत असे.

वाट पाहण्याची मर्यादा मी एकशेवीस सेकंद ठेवली होती. त्याहून मोठा आकडा आला तर तो नाकारायला आणि तसे सांगायला हवे होते. मी तो मुकाट्याने एकशेवीस करून घेत असे. देणाऱ्याला पत्ता लागत नसे.

हे मी घरात शिकलो. अण्णा पेरणीच्या वेळी ओसरीवरून सांगायचे, बियाण्याच्या बारा पिशव्या लागतील. लागायच्या नऊ. आई, म्हणजे केवळाबाई, "हाव" म्हणायची आणि गाडीत नऊच ठेवायची. आपला हिशेब कधी चुकला नाही, याच समजात अण्णा गेले. मोठ्या माणसाला चुकलं म्हणायचं नाही, गुपचूप सावरून घ्यायचं, यालाच आमच्याकडे वळण म्हणतात. मी ते वळण ड्रायव्हरमध्ये घातले आणि वर त्याचा अभिमानही बाळगला.

अयोध्याचे यजमान, माझे दाजी भागवत पंढरी नागरगोजे, उदगीरला एका खासगी दवाखान्यात संगणक सांभाळत. तिथे आमचाच ड्रायव्हर होता, मीच सुचवला होता. डिस्क जुन्या होत्या, वीज जाऊन आली की जाग्या व्हायला तीन-साडेतीन मिनिटे घेत. दाजींनी ते हेरले आणि वाट पाहण्यासाठी तीनशे सेकंद दिले. माझ्या तपासणीने त्याचे एकशेवीस केले. २०१६च्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली आणि आली. एकशेवीस सेकंद होताच ड्रायव्हरने एकेक डिस्क मेली म्हणून सोडून दिली, आणि नंतरच्या दुरुस्तीच्या खटपटीत अकरा वर्षांचे एक्स-रे पुसले गेले.

दाजींचा आकडा लिहिलेली फाईल त्याच डिस्कांवर होती. मागे उरलेल्या नोंदीत एकशेवीस दिसत होते. दवाखान्याचे मालक म्हणाले, यांनी आकडा वाढवलाच नव्हता. दाजींचा मला फोन आला.

"वैजनाथ, म्या आकडा टाकला हाय. मशीननं ऐकलं न्हाई म्हणून राहिलो, तर लोक हसून राहिलेत. तू सांग की त्यांना."

"बघतो दाजी," मी म्हणालो.

त्याच दिवशी पाहिले. दहा मिनिटांत सापडले. आकडा कमी करणारी ओळ माझीच होती.

मी कोणालाही सांगितले नाही. काम जाईल ही भीती होती. त्याहून जास्त लाज होती. दोन महिन्यांनी मी ती ओळ बदलली. आता मर्यादेबाहेरचा आकडा आला तर ड्रायव्हर चालूच होत नाही आणि का होत नाही ते सांगतो. बदलाच्या टिपेत मी "किरकोळ सुधारणा" असे लिहिले. वरिष्ठांनी ती न वाचता मंजूर केली.

दाजींची नोकरी गेली. तेव्हापासून ते मोंढ्यात धान्याच्या वजनकाट्यावर बसतात. एक्स-रे उडवणारा म्हणून गावात त्यांना ओळखतात. अयोध्या मला एकदाच बोलली, "वैजू, तू एवढा शिकलेला, अन् तुला कळंना व्हय काय चुकलं ते?" मी तिलाही बघतो म्हणालो. त्यानंतर तिची राखी पोस्टाने येते.

तरी मी लिहून देतो की दाजींची कसलीही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती लपवण्याची चूकही माझी.

कलम ६. कलम ५ माझ्या तेराव्याला, पंगत बसण्याआधी, दीपमालाने मोठ्याने वाचावे. त्याची सही केलेली प्रत दवाखान्याच्या मालकांना उद्याच पाठवत आहे, त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. दाजींना मी काही ठेवू पाहिले, त्यांनी नको म्हटले. म्हणून त्यांना साक्षीदार होण्याची विनंती केली. का, ते सांगितले नाही. वकील म्हणतात, साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवावा लागत नाही. मी तो वाचून दाखवणार आहे.

कलम ७. या कागदाची अंमलबजावणी दीपमालाने करावी. बाळा, यातले काही चुकीचे वाटले तर गुपचूप सावरून घेऊ नकोस. नाकार आणि का ते सांग. मी फार थकलो आहे, नाहीतर हे तुला आधीच शिकवले असते.

ठिकाण: नांदेड. दिनांक: २१ जानेवारी २०२५.

(सही) वैजनाथ शेषेराव केंद्रे

वरील सही आमच्या समोर झाली.

साक्षीदार १: (सही) महादेवप्पा मलप्पा बिरादार, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी.

साक्षीदार २: भागवत पंढरी नागरगोजे, राहणार उदगीर. सही करण्याआधी लिहितो. मजकूर ऐकला. कलम ५ मध्ये तीनशे लिहिले आहे ते चूक आहे. मी दोनशे चाळीस दिले होते. तीन वेळा हातातल्या घड्याळावर मोजले, दोनशे दहाच्या वर कधी गेले नाही, म्हणून दोनशे चाळीस. नऊ वर्षांत आकडा मला कोणी विचारला नाही. तो दुरुस्त झाल्याशिवाय माझी सही होणार नाही.

दुरुस्ती: कलम ५ मध्ये "तीनशे"च्या जागी "दोनशे चाळीस" वाचावे. दाजींचे बरोबर आहे. मीही विचारले नव्हते.
(सही) वैजनाथ शेषेराव केंद्रे

(सही) भागवत पंढरी नागरगोजे