चंद्राबाईंच्या तेलाचा फॉर्म

सांगली, मंगळवार, ता. ४ ऑक्टोबर १९४९

काल लिहिलं ते चूक आहे. 'चंद्राबाईंनी स्पिरिट सांगितलं, मी फॉर्मात लिहिलं' – असं लिहिलंय मी. त्यांनी सांगितलं नव्हतं! त्यांच्या फळीवर स्पिरिटची निळी बाटली दिसली आणि मी माझ्या मनानं लिहिलं.

पहिल्यापासून नीट लिहिते. दारूबंदीचा कायदा आल्यापासून सुगंधी माल करणाऱ्या सगळ्यांना कचेरीत फॉर्म द्यावा लागतो. चंद्राबाई माक्याचं, वाळ्याचं केसांचं तेल घरी कढवून विकतात. लिहिता येत नाही, म्हणून माझ्याकडे आल्या. 'मालात स्पिरिट घालता काय?' या रकान्यात मी लिहिलं – होय, महिन्यास एक बाटली.

कायद्यानं स्पिरिटही दारूच; त्यावरून काल शिपाई आला. दिवाळीसाठी कढवलेल्या सगळ्या बरण्यांना लाखेची मोहोर लावून गेला.

बुधवार, ता. ५

चंद्राबाईंकडे गेले होते. मोहोर लावलेल्या बरण्यांशेजारी बसून वाळा निवडत होत्या. विचारलं, ती बाटली कशाला?

"आवं वच्छाताई, स्टोव्ह पेटवायला! काकडा भिजवाया नको? तेलात कशाला घालू? माझ्या तेलानं बायकांचं केस झिंगून डुलाय लागायचं!"

स्वतःच हसल्या. मला हसता येईना. आमच्याही घरी स्टोव्हखाली तशीच बाटली आहे. रोज सकाळी चहाला मीच काकडा बुडवते.

शुक्रवार, ता. ७

अजून एक राहिलं. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

अंगठ्याखाली एक ओळ असते – 'मजकूर वाचून दाखविला, बरोबर म्हणतात.' तिथं लिहिणाऱ्याची सही. मी सही केली. वाचून दाखवलं नव्हतं.

घाईत राहिलं म्हणावं, तर घाई कसली? दुपारची वेळ. त्या समोर पाय पसरून आरामात बसलेल्या. खरं हे, की वाचलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, 'स्पिरिट खोडा.' आणि मला वाटलं असतं, खोटं बोलताहेत. म्हणून वाचलंच नाही. त्यांना खोटं ठरवलं, तेही न विचारता. वर मनात केवढी शाबासकी घेतली – आपण कसं खरं लिहिलं!

शनिवार, ता. ८

अण्णांना सांगितलं. लेकीला अक्षरं त्यांनीच शिकवली, ओसरीवर, पाटीवर. ज्याचं लिहायचं त्याला आधी विचार – हेही त्यांचंच.

सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "दिवाळीनंतर साताऱ्याच्या शाळेत रुजू व्हायचंय ना? सरकारी कागदावर खोटी सही केली म्हणून सांगशील, तर बाईंची नोकरी देतील तुला?"

मी म्हटलं, आणि चंद्राबाई?

"त्यांना सांगू दे की, स्टोव्हचं स्पिरिट म्हणून. खरंच आहे ते."

खरंच आहे! बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटते आहे.

रविवार, ता. ९

काही नाही. दिवसभर आईचं लोणचं भरलं. चंद्राबाईंच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून देवळात गेले नाही.

मंगळवार, ता. ११

चंद्राबाईंचा भाऊ केरबा वाटेत भेटला. काल दोघं कचेरीत गेली होती. चंद्राबाईंनी स्टोव्हचं सांगितलं. साहेबांनी फॉर्म पुढं टाकला – मग हे काय? अंगठा तुमचाच ना? का लिहिणारीनं वाचून दाखवलं नाही?

केरबा म्हणाला, "मी म्हणनार हुतो, न्हाई वाचलं. तर अक्का माझा हात दाबून म्हनली, वाचलं हुतं साहेब. पोरीनं सगळं वाचलं. म्याच व्हय म्हनले, चुकून. आन् भाईर आल्यावर मला म्हनती, 'तिची साताऱ्याची नोकरी हाय रं. तेल काय, पुन्हा कढवीन.'"

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

परवा निकाल. फॉर्मच खरा धरून तेल ओतून टाकणार, आणि पुढं परवाना नाही. पुन्हा कढवणार कशाच्या जोरावर?

गुरुवार, ता. १३ ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजता कचेरी उघडते. वाचून दाखवलं नव्हतं हे सांगायला मी साडेदहालाच जाऊन उभी राहीन.