लेन्सवरचं ते बटण

खामगाव, गुरुवार, संध्याकाळ

फोटो स्टुडिओवाल्या प्रमोदने आज पुन्हा ऐकवलं. "मॅडम, हात थरथरून राह्यले तुमचे. कॅमेरा ठेवून द्या आता."

थरथरतात, मान्य. पण महिन्यापूर्वीपर्यंत याच हातांनी काढलेले फोटो स्वच्छ येत होते ना? मग अचानक काय झालं?

"मागच्या महिन्यात लेन्सचं स्टॅबिलायझेशन, ते थरथर सावरणारं बटण, तूच बंद केलंस ना रे?"

"हाव. कॅमेऱ्याच्या बॉडीत आहे ना दुसरं. दोन्ही चालू ठेवले तं भांडते एकमेकांशी."

भांडतात म्हणे! कॉन्व्हेंटात सिस्टरांनी एवढं तरी शिकवलं, आधी वाचायचं, मग बोलायचं. घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. कॅमेरा झुकला किंवा वळला की लेन्स सावरते. सरकला किंवा गोल फिरला की बॉडीतला सेन्सर. भांडण कसलं, कामं वाटून घेतात. आणि माझ्या कॅमेऱ्यात लेन्सवरचं ते बटण बंद केलं की दोन्ही बंद! महिनाभर मी मात्र हातांनाच... मूर्खच मी.

बटण चालू केलं. जास्वंदीचे दहा फोटो काढले. नऊ स्वच्छ. दहावा हलला, कारण वाऱ्याने फूलच हललं. त्यावर कुठलंच बटण नाही.

कॅमेरा ठेवून देऊ? उद्या दुकानात जाऊन आधी प्रमोदचाच फोटो काढते. पुस्तिका वाचताना.