एकाच नावाचे दोन

३ फेब्रु., मंगळ. सांगली
आज सापडलं ते चांगलं नाही. शेडर, म्हणजे स्क्रीनवर चित्र रंगवणारा कोड, वाचून कंपायलर त्याचा झाडासारखा आराखडा बनवतो. त्यात एकाच नावाचे दोन प्रकार आले, एक बाहेर नि एक फंक्शनच्या आत, की आतल्याला नवं नाव द्यायचं काम माझ्या कोडचं. फंक्शन संपलं की बाहेरचं नाव परत चालू व्हायला पाहिजे. ते होत नाही. पुढच्या सगळ्या ओळी आतल्यालाच धरून चालतात. एरर नाही, कारण दोन्हींत तेच दोन आकडे, फक्त क्रम उलटा: दाटपणा आणि पारदर्शकता. म्हणजे चित्रात जे घट्ट, ते काचेसारखं होऊन जातं.
हे व्हर्जन गेल्या महिन्यात हॉस्पिटलांत गेलंय. स्कॅन दाखवायला.

४ फेब्रु., बुध.
अल्ताफचा फोन, लोणंदहून. टीममध्ये आम्ही दोघंच घरून काम करणारे. म्हणाला, फक्त फुफ्फुसाच्या थ्रीडी चित्रात हे होतंय, बाकी ठीक.
पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या मॅडमना सांगितलं. "रिपोर्ट सपाट चित्रांवरून करतात गं, थ्रीडी नुसतं दाखवायला. सोमवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. तोवर बाहेर बोलायचं नाही."
हो म्हटलं. का म्हटलं.
संध्याकाळी दहिवडीहून आईचा फोन. अण्णांच्या खोकल्यातून रक्त पडलं.

६ फेब्रु., शुक्र. मिरज
काल अण्णांना माझ्याकडे आणलं, आज त्यांचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. चित्र दाखवणारा व्ह्यूअर आमच्याच कंपनीचा.
"हे बघा बाबा, फुफ्फुस स्वच्छ दिसतंय. रिपोर्ट येऊ दे, पण काळजीचं वाटत नाही."
अण्णा माझ्याकडे बघून हसले. मी खालच्या कोपऱ्यातला व्हर्जन नंबर वाचत होते. तोच.
सीडी घेतली, घरी आलो.

७ फेब्रु., शनि.
अण्णा खुशीत. "मंगळवारी जातो. शेरडं तुज्या आईच्यानं आवरत न्हाईत." मग चहा पिताना, "तुजं काम काय असतं गं नक्की?"
एका नावाचे दोन असले की वेगळं नाव द्यायचं, म्हटलं.
"आमच्या पलटणीत दोन शिंदे व्हते. मोठ्याचं इंजेक्शन धाकट्याला टोचलं एकदा."
"मग?"
"मग काय. लय फणफणला त्यो."
हसता हसता खोकले. रुमाल घडी करून खिशात घातला. मी पाहिलं, ते त्यांनाही कळलं.
अल्ताफला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अण्णांचं तर तू सांगशीलच. बाकीच्यांचं काय? डॉक्टरांना सगळंच सांग. मॅडमचं मी बघतो."
नोकरी गेली तर. घराचं भाडं, अण्णांची औषधं. हा विचार आधी आला, हेही लिहून ठेवते.

८ फेब्रु., रवि.
कोड दुरुस्त केला. फंक्शन संपताना बाहेरचं नाव परत येतं. टेस्ट पास.
मग सीडी नव्या व्हर्जनमध्ये उघडली. उजव्या फुफ्फुसात, खाली, हरभऱ्याएवढं काहीतरी. जुन्यात त्या जागी काहीच नाही.
रक्तवाहिनी असेल. जुना व्रण असेल. मी डॉक्टर नाही. मी
शेजारच्या खोलीत अण्णा टीव्ही बघत होते. आवाज कमी करा, एवढंच मी त्यांना म्हणाले.

९ फेब्रु., सोम.
मीटिंगआधीच मिरजेला. एकटीच. डॉक्टरांपुढे दोन्ही चित्रं ठेवली.
"कंपनीला माहीत आहे?"
"हो. बुधवारपासून."
"आणि तुम्ही शुक्रवारी इथं बसला होतात."
त्यांनी रेडिऑलॉजिस्टना फोन लावला, उजवी खालची बाजू नीट बघा म्हणाले. थ्रीडी बंद करायला सांगितलं. मग पेन खाली ठेवलं. "या महिन्याभरात कुणाकुणाला स्वच्छ म्हटलं, तेच आठवतोय."
रिक्षात बसूनच फोनवर मीटिंग. डॉक्टरांना सांगून आले, म्हटलं. मॅडम, "तू परस्पर गेलीस." अल्ताफ मध्येच, "तिच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो." शेवटी सगळ्या हॉस्पिटलांना आजच कळवायचं ठरलं. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. ते जास्त भीतीचं.

१० फेब्रु., मंगळ.
दुपारी डॉक्टरांचा फोन. रिपोर्ट झालाय. उद्या अण्णांना घेऊन या.
"काय आहे?"
"समोर बसून बोलू."
अण्णा पिशवी भरून तयार. "तीनची यष्टी मिळंल न्हवं?"
"आज नको अण्णा. उद्या परत मिरजेला जायचंय."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारतील, आणि मग मला सांगावं लागेल.
"बरं," म्हणाले. पिशवीतून घडीचा शर्ट काढला, खुंटीला लावला आणि आईला फोन लावून शेरडांची चौकशी करत बसले.