भिजू न दिलेल्या काड्या

प्रिय नलू,

परवा सकाळी देवीपुढं दिवा लावला आणि बोईसरची एसटी धरली. तुझ्या आईला सांगितलं, जाळ्याचं सूत आणतो. उभा राहिलो मात्र औषधाच्या दुकानात. माझी पाळी आली की मी मागच्याला पुढं करत होतो. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "बाबा, खोकल्याचं देऊ?" मी मान हलवली. बाटली घेऊन रस्त्यापर्यंत आलो, परत फिरलो आणि मोठ्यानं म्हणालो, "निरोध द्या." पोरी, तुला हा शब्द लिहिताना हात अडतो. तरी लिहितो.

बळवंतरावांच्या होडीवरचा चंद्रभान तुला आठवतच असेल. वेरावळहून आजारी आला तो पुन्हा उभा राहिला नाही, पौषात गेला. आता त्याची विजया सुकत चालली आहे. मीच तिला पालघरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हा एड्स. एका ताटात जेवून, हात लावून होत नाही. नवऱ्याकडून तिला आला. जी बाई त्याआधी केळव्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती, तिला परमुलखातल्या बंदराचा आजार घरात बसून लागला. तेव्हापासून माझं मन जागेवर नाही. जपाला बसतो, माळ हातात तशीच राहते आणि डोळ्यांपुढं तू येतेस.

चंद्रभान आजारी पडला तेव्हाच मला धास्ती वाटली होती. म्हणून गेल्या नारळी पौर्णिमेनंतर बळवंतराव निघाले, तेव्हा सरकारी दवाखान्यातली ती पाकिटं मी त्यांच्या शिध्यात ठेवली होती. तोंडानं काही बोललो नाही. जावयाशी काय बोलणार? या आठवड्यात ते परतले. पावसाळ्यासाठी होडी इथंच शाकारायची म्हणून आधी आपल्याकडे उतरले. जेवताना मी हळूच विचारलं, शिध्यात ठेवलं होतं ते उपयोगी पडलं का?

"तर काय मामा! आगपेटीची एक काडी भिजली नाय. होडीवरचा झिपरू तर तंबाखूबी त्यातच बांधायचा!"

तुझी आई कौतुकानं म्हणाली, "तुमच्या मामांना सगळं सुचतं हो!"

दुसऱ्या दिवशी होडीवर झावळ्या बांधताना मी सगळं उघड बोललो. ते कशासाठी असतं, कसं वापरायचं, दर वेळी नवं घ्यायचं. बळवंतराव लाल झाले. "मामा, तुमी माजे सासरे हाय!" म्हटलं, म्हणून तर बोलतो. ते पुटपुटले, "घरी येताना दर्यात बुडी मारून नारळ सोडतो आमी. सगळं धुतलं जातं." मी म्हणालो, "चंद्रभानही बुडी मारूनच घरी यायचा." दर्यावर माझीही श्रद्धा आहे, नलू. पण त्याच्यावर हे ओझं कसं घालायचं? मग मी विचारलं, बंदरावर कुणाकडे जाणं झालं का? ते झावळीची गाठ सोडत राहिले, बांधत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

काल रात्रभर ते ओटीवर कूस बदलत होते, मी आत. पहाटे म्हणाले, "मामा, रक्तात काय निघालं तर नलू मला घरात घेईल?" याचं उत्तर तुझं तू द्यायचं.

हे पत्र त्यांच्याच हाती देतो आहे, कारण ते घरी येतील तेव्हा तुला सगळं ठाऊक असायला हवं. पिशवीत खोकल्याच्या बाटलीखाली ती पाकिटं आहेत. रक्त एकदा तपासून भागत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, तोवर पाकिटांशिवाय जवळ जायचं नाही. त्यांनी हट्ट केला तर तू नाही म्हण. बायकोनं नाही म्हणणं पाप नव्हे, हे तुझा बाप देवीसमोर बसून लिहितो आहे. तुझंही रक्त तपासून घे, मी येतो सोबत. आज सकाळी आम्ही पालघरला गेलो होतो. दवाखान्याच्या दारात बळवंतरावांचे पाय अडले. तेव्हा मी पुढं होऊन बाकावर बसलो, बाही वर केली आणि म्हणालो, आधी माझं घ्या. मग ते शेजारी येऊन बसले.

तुझ्या काळजीत असलेला, तुझाच
बाबा