तीन जोड्यांची गिटार

मृत्युपत्र लिहून ठेवतो मी, गुरुबसप्पा शिवलिंगप्पा शेटकार, वय सत्तरीच्या घरात, धंदा लोखंडी सामानाचे दुकान, राहणार गंजगोलाई, लातूर, जिल्हा लातूर, पूर्वीचा जिल्हा उस्मानाबाद. नवा जिल्हा होऊन गेला तरी माझा हात आधी जुनाच लिहितो. तेवढ्यावरून माझ्या अकलेबद्दल कोणी शंका घेऊ नये. डोके ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही. गोंधळ आहे तो एकाच बाबतीत, तो कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. दुकान व राहते घर मुलगा मल्लिकार्जुन याला. बोअरला पाणी असेतोवर गल्लीतल्या कोणाला नाही म्हणू नये, मठातल्या शरणप्पालासुद्धा. देवघरामागे उंदरांचे पिंजरे आहेत, ते विकून टाकावेत. पूर्वी रोज सकाळी पूजेच्या वेळी तिथे खुडबुड चालायची. सिद्धम्मा, माझी पत्नी, गेल्यापासून उंदीर फिरकले नाहीत. कारण मला समजलेले नाही.

कलम दोन. मला रीतीप्रमाणे बसवून, हातावर इष्टलिंग ठेवून माती द्यावी. मठातल्या भजनाचा म्होरक्या शरणप्पा याने माझी गिटार ‘सिनेमातलं लाकूड’ म्हणून दारातून परत पाठवली होती, ते मी विसरलेलो नाही. तरी त्याने माझ्या मातीला भजन म्हणावे. फक्त वरच्या पट्टीत जाऊ नये, त्याला झेपत नाही.

कलम तीन. ही गिटार सिद्धम्माच्या माहेरची, उमरीची. बदली होऊन निघालेल्या रेल्वेच्या गार्डाने ती माझ्या मेहुण्याला दिली, त्याने आम्हाला. साल बहात्तर, दुष्काळाचे. दुकानात माशा मारत बसलो होतो. गिटार कशी लावतात हे आमच्यात कोणाला ठाऊक असणार? मठातला तंबोरा तेवढा माहीत. त्याच्या मधल्या दोन तारा जोडीच्या, एकाच सुराच्या. मग सहा तारा म्हणजे तीन जोड्या, त्यात विचारायचे काय! सारख्या जाडीच्या दोन-दोन तारा चढवल्या: खालचा सा, पंचम, वरचा सा. पुढे शहाण्यांनी सांगितले की सगळे चुकले आहे. पण सकाळी पूजेनंतर मी छेडायचो आणि सिद्धम्मा गायची, तेव्हा एकेका जोडीतून असा घुमारा उठायचा की घरात तिसरेच कोणी गाते आहे असे वाटायचे. रात्रभरात तारा उतरायच्या, तो मी हवेचा दोष धरायचो. रोज संध्याकाळी खुंट्यांचे कान पिळून प्रत्येक जोडी तंतोतंत एक करायचो आणि गिटार देवघरामागे तिच्या जागी टेकवून ठेवायचो. माझ्या कानाचा मला फार अभिमान होता.

जिल्हा झाला त्या साली सिद्धम्मा गेली आणि घुमारा गेला. तारा बदलल्या, तारांखालची घोडी घासली. हवा कोरडी म्हणावी, तर बहात्तर सालीही दुष्काळच होता. आता तर तारा उतरतही नाहीत, तंतोतंत जुळलेल्या राहतात, आणि गिटार मुकी. मला काही म्हणता काही कळत नाही. सबब माझ्यामागे ती नांदेडला नेऊन गोदावरीत सोडावी, पाणी असल्यास.

(मला मोठ्याने वाचत लिहायची सवय आहे. इथवर आलो तेव्हा सून महादेवी ताकाचा पेला घेऊन दारात उभी होती. पुढचे बोलणे जसेच्या तसे लिहितो.)

“मामा, गिटार पाण्यात कशाला टाकून राहिलात?”

“सूर गेला तिचा. तुझ्या आत्यासंगं गेला.”

“सूर कुठं गेला? आत्या ढिल्या करायच्या तारा. तुमी हातावर लिंग घेऊन बसलात की हळूच मागं यायच्या. हर जोडीतली एक खुंटी इवलीशी उलटी फिरवायच्या. मला म्हणायच्या, ‘ह्यांनी लई आवळून ठेवल्यात. सांगू नकोस, कानाचा लई गर्व हाय.’ आज त्यांचा शब्द मोडला मी.”

हातावर लिंग असताना नजर हलवायची नाही, हा आमचा नेम. सिद्धम्माची पूजा माझ्याआधी आटोपायची. म्हणजे इतकी वर्षे गिटार लावली कोणी, मी की तिने? राग यावा की रडू, कळेना. आधी राग आला.

महादेवीने गिटार घेतली, पंचमाच्या जोडीतली एक खुंटी जराशी सैल केली आणि छेडले. सूर जागच्या जागी हेलकावे खाऊ लागला, तोच जुना घुमारा. मी रडलो. मृत्युपत्रात हे लिहायचे कारण नाही, पण लिहिले.

कलम चार. कलम तीनमधले नदीचे वाक्य रद्द. गिटार सून महादेवी हिची, एकटीची. मल्लिकार्जुनचा गिटारीवर हक्क नाही. कोणी म्हणाले, तार उतरली आहे, तर तिने ‘हाव, उतरली’ म्हणावे आणि वाजवत राहावे.

हे सगळे काल लिहिले, सही आज करतो आहे. काल संध्याकाळी सवयीने मी पुन्हा सगळ्या जोड्या तंतोतंत आवळल्या. आज सकाळी हातावर लिंग घेऊन बसलो, तेव्हा देवघरामागे खुडबुड झाली. तीच, जिच्यासाठी मी वर्षानुवर्षे पिंजरे लावत आलो. मी नजर हलवली नाही.

लातूर, दि. ११ मे १९८६
सही: गुरुबसप्पा शिवलिंगप्पा शेटकार

आम्हा दोघांच्या समोर सही झाली:
१. भुजंग व्यंकट काळे, शिंपी, शेजारी
२. शरणप्पा महादेवप्पा हलकुडे, मठ गल्ली. (गिटार आज ऐकली. माझे मत कायम आहे. पुन्हा एकदा ऐकणार आहे.)