काळ्यापांढऱ्या खड्यांची फरशी

मंगळवार, संध्याकाळ. कर्वेनगर.

सायप्रसहून येऊन आठवडा झाला, तरी त्या टूर मॅनेजरवरचा राग जात नाही. समुद्राकाठी एकावर एक गाडली गेलेली शहरं, आणि हा म्हणतो, "चला चला, इंडियन लंच गार होतंय!" पनीर खायला का मी हे गुडघे जपून आणले होते? पुढच्या महिन्यात ते बदलायचेत. पुन्हा एवढ्या लांब जाणं होईल की नाही, कोण जाणे. आणि तेव्हा तिथली सगळ्यांत जुनी फरशी बघायची राहिलेली होती.

सगळे निमूट बसकडे निघाले. माझ्या नणंदेनं, कुसुमवन्संनी, मात्र पर्समधून दशम्यांची पुडी काढून त्याच्यापुढे धरली. "आमचं जेवण आमच्याजवळ आहे. आपण सावकाश जेवा आणि मग आम्हाला न्यायला या." मग माझा दंड धरला. "चला वहिनी."

रोमन घराच्या खाली त्याहून जुन्या घराची फरशी. काळ्यापांढऱ्या खड्यांची. कुणी वेचले असतील एकेक? मी कठड्याला धरून किती वेळ उभी होते! वन्संनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

ते खडे अजून डोळ्यांपुढे आहेत. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अंगात मुरवलेलं थँक यू मी ड्रायव्हरला म्हटलं, वेटरला म्हटलं. घरच्या माणसाला कसं म्हणायचं? शेवटी आज फोन केलाच. "वन्सं, त्या दिवसाबद्दल थँक यू."

पलीकडून घाबरा आवाज, "अहो वहिनी, ऑपरेशन गुडघ्याचंच आहे ना? डॉक्टर आणखी काही म्हणाले का?"